जिवंत माणसाचं नाव

“तुमच्या भागाच्या लोकप्रतिनिधींचं नाव सांगा,” अधिकारी म्हणाला.

नागरिकत्वाच्या परीक्षेत दहातले सहा प्रश्न बरोबर यावे लागतात. नऊ झाले होते, पाच आले होते. पहिल्या खेपेला मी नापास झाले होते. ही दुसरी आणि शेवटची. मी अमेरिकेची नागरिक झाले, तरच थायलंडच्या सीमेवरच्या छावणीतून आईला इकडे बोलावता येणार होतं. तिला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय.

उत्तर येत नव्हतं असं नाही. माझ्या मुलीनं, पॉ सेनं, महिनाभर घोकून घेतलं होतं. कारखान्यात टर्की कापता कापता मी सिनेट, संविधान, मतदान असं पुटपुटायची. शेजारची बाई म्हणायची, पक्ष्यांना कशाला शिकवतेस? शब्दांचं मला काही वाटत नाही. भीती वाटते ती नावांची.

ब्रह्मदेशात आमच्या करेन जमातीच्या गावात सैनिक यायचे. बंडखोरांना तांदूळ कोण देतं, एक नाव सांग, म्हणायचे. अशा वेळी मेलेल्या माणसाचं नाव सांगायचं, हे आमच्याकडे लहान पोरांनाही शिकवलेलं. मेलेल्याचं कोण काय वाकडं करणार? सतरा वर्षांची असताना मी सॉ थॉचं नाव सांगितलं. तो जंगलात हिवतापानं गेला, असं सगळं गाव म्हणत होतं. चौथ्या दिवशी तो चालत घरी आला. सैनिक त्याच्या अंगणातच बसले होते.

मागच्या खेपेला याच प्रश्नाला मी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. पॉ से आधी पोट धरून हसली, मग चिडली.

“आई, इथे नाव सांगितलं म्हणून कुणाला उचलून नेत नाहीत गं. त्यांचं नाव सगळ्या गावाला माहीत आहे.”

सॉ थॉचंही सगळ्या गावाला माहीत होतं.

“येत नसेल तर तसं सांगा, बाई,” अधिकारी म्हणाला. आवाज मऊ होता. मऊ आवाजाची मला जास्त धास्ती वाटते. मी आईला डोळ्यांसमोर आणलं आणि नाव सांगितलं.

“जरा मोठ्यानं.”

मोठ्यानं सांगितलं. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. मग तो हसला आणि म्हणाला, पास झालात.

पॉ सेनं बाहेर मिठी मारली. मला मात्र धड हसता येईना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्याच्या मागच्या दाराशी जाऊन प्रतिनिधींच्या कचेरीत फोन लावला. एका मुलीनं उचलला आणि काय काम आहे विचारलं.

“काम काही नाही. साहेब बरे आहेत ना?”

“हो, बरे आहेत. का हो?”

“नक्की ना? तुम्ही पाहिलंत त्यांना?”

“आत बसलेत. चहा पिताहेत. काही निरोप देऊ का?”

मी नको म्हणाले. मला रडू आलं होतं, आणि ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन जरा लांब धरला.

“बरं, कोणाचा फोन होता म्हणून सांगू? आपलं नाव?”

फोन ठेवून पळावंसं वाटलं. मी भिंतीला टेकले. मग सांगितलं, नॉ मू पॉ. तिनं चुकीचं लिहिलं, तेव्हा एकेक अक्षर करून पुन्हा सांगितलं.