रिकामा फ्लॅश

भूकंपात काढलेले फोटो पेपरांत काय छापून आले, उदगीरच्या ताहेर फोटोवाल्याचे पाय जमिनीवर ठरेनात! लग्नाच्या ऑर्डरी त्याला नकोशा झाल्या. पुण्याच्या एका संस्थेनं ‘बदलती शेती’ या प्रदर्शनाचं काम दिलं, तसा गडी फटफटीवर कॅमेरा टाकून देवणीकडची गावं पालथी घालायला लागला.

तिकडं रेवणप्पा नावाच्या शेतकऱ्यानं ज्वारी सोडून सोयाबीन धरलं होतं, लेक अंबिकाला लातूरला क्लासला घातलं होतं, अन् ट्रॅक्टर आला म्हणून शेवटचा बैल, हौश्या, बाजाराला काढला होता. ताहेरला असंच काहीतरी पाहिजे होतं. रेवणप्पाचे दावं सोडतानाचे, बैलाच्या पाठीवर हात फिरवतानाचे दणादण फोटो काढले अन् रोल संपला. तेवढ्यात रेवणप्पाची बायको रत्नम्मा ठेवणीतलं इरकल नेसून बैलापाशी येऊन उभी राहिली.

"ताहेरभाई, माझा अन् हौश्याचा एक काढा की. हातानं चारा घालून वाढवलाय त्याला."

दुसरा रोल फटफटीच्या पेटीत होता. दहा पावलं जायचा कंटाळा, दुसरं काय! लग्नात नको त्या पाहुण्यांचं मन राखायला फोटोवाले नुसताच फ्लॅश मारतात, ती खोड हाताला होतीच. "हसा अक्का!" म्हणत ताहेरनं रिकाम्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उडवला. ती हरखली. बैल गेला.

प्रदर्शन गाजलं. ताहेरला शाल-श्रीफळ मिळालं. दिवाळी झाल्यावर रत्नम्मा दुकानात आली, हातात हौश्याची घुंगरमाळ.

"आमचा फोटो धुतला का?"

ताहेरच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगून टाकावं असं लई वाटलं, पण जीभ मेली उचलेना.

"अक्का... तेवढाच आला न्हाई."

"हाव, मला वाटलंच होतं. त्यानं मान घासली अन् मी हलले बगा. तुमी काय करणार?"

ताहेरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईनं ओरडावं, शिव्या घालाव्यात, तर ती त्याचीच समजूत काढत होती.

"आता एकलीचा तरी काढा," म्हणत ती पडद्यापुढं गेली. माळ छातीशी धरली, शेजारी बैलापुरती जागा सोडली. ताहेरनं नवा रोल घातला. बघतो तर बाई ताठ उभी, पापणीसुद्धा लवेना.

"अक्का, श्वास तरी घ्या," तो कसाबसा म्हणाला.

"नगं," ती ओठ न हलवता पुटपुटली. "परत हलंल."