वकीलसाहेब किती मतांनी पडले

फ्रीजच्या पोटात बर्फाचे खडे धाडकन कोसळले आणि आसावरीनं श्वास रोखून जिन्याकडे पाहिलं. वर आठ महिन्यांचा वीर एकदा कुरकुरला, अंगठा चोखल्याचा आवाज आला, आणि पुन्हा सगळं सामसूम. हुश्श. त्याला थोपटून थोपटून खांदा दुखायला लागला होता, तेव्हा कुठे ही शांतता मिळाली होती. ती बर्फापायी घालवणं परवडणारं नव्हतं.

शनिवारची सकाळ, नऊ वाजले होते. ऋषी भाजी आणायला गेला होता. सहा वर्षांची अनया गालिच्यावर पालथी पडून रंगवत होती. डब्लिनमधल्या, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनमधल्या त्या टाउनहाऊसमध्ये आसावरीच्या वाट्याला फार तर चाळीस मिनिटं येणार होती. एरवी या चाळीस मिनिटांत ती कपड्यांच्या घड्या करायची, नाहीतर नुसती बसून राहायची. आज तिनं लॅपटॉप उघडला.

ग्रंथालयाची मेल काल संध्याकाळीच आली होती. तिनं ती उघडली नव्हती. डॉक्टरांचा रिपोर्ट आला की पाकीट जरा वेळ टेबलावर तसंच पडू देतात ना, तसं केलं होतं.

एकच पान होतं. जुन्या छपाईचं, स्कॅन करताना किंचित तिरकं झालेलं, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याची राखाडी सावली. वर इंग्रजीत लिहिलेलं: मुंबई इलाखा, कायदेमंडळाच्या निवडणुका, १९३७. खाली जिल्हे, मतदारसंघ, उमेदवार. ती स्क्रीनवर बोट फिरवत खाली खाली आली. वकीलसाहेबांच्या आडनावाची स्पेलिंगनं पार दशा केली होती, पण ते तेच होते. नावापुढे आकडा होता, चार हजार तीनशे सतरा. निवडून आलेल्या गृहस्थांच्या नावापुढे अकरा हजार दोनशे चार.

तिनं मनात वजाबाकी केली. मग फोनवर केली. तरी विश्वास बसेना, म्हणून अनयाचा एक कागद पालथा करून अप्पांनी लहानपणी शिकवली होती तशी, हातचे घेत घेत केली. सहा हजार आठशे सत्त्याऐंशी.

"एक नव्हे," ती मोठ्यानं म्हणाली.

"काय एक नव्हे?" अनयानं मान वर न करता विचारलं.

"काही नाही गं. तू कलर कर."

अप्पा म्हणजे तिचे आजोबा, वडिलांचे वडील. साताऱ्यातल्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली, आता चौऱ्याण्णव वर्षांचे. माणूस अबोल, पण मतदानाच्या दिवशी अंगात काहीतरी संचारायचं. सकाळी सातला केंद्र उघडायचं, तर हे सहालाच दाराशी हजर. आणि कारकुनापुढे उभे राहिले की संपूर्ण नाव असं खणखणीत सांगायचे, बापाच्या नावासकट, की पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू जावं. घरचे हसायचे. "अप्पा, त्यांच्याकडे यादी असते," म्हणायचे. अप्पा म्हणायचे, "असू दे."

असं का, ते त्यांनी चार वर्षांपूर्वी सांगितलं. आसावरी त्या वेळी दोन वर्षांच्या अनयाला घेऊन साताऱ्याला गेली होती. दुपारी गच्चीवर अप्पा पेरूच्या फोडी करत बसले होते, आणि एकाएकी म्हणाले, "तुझ्या आजीलाही हे कधी बोललो नाही."

ते तेव्हा सहा वर्षांचे होते. इंग्रजांच्या राज्यातली निवडणूक. मत सगळ्यांना नव्हतंच. ज्याच्या नावावर चार पैशांची मिळकत त्याला, आणि त्याच्या जोरावर त्याच्या बायकोला. अप्पांचे वडील वकीलसाहेबांचे शेजारी आणि प्रचाराचे खंदे कार्यकर्ते. महिनाभर पायाला भिंगरी लावून फिरले. मतदानाच्या दिवशी ते दुसऱ्या गावी केंद्रावर होते, म्हणून घरून आई एकटीच मत द्यायला निघाली. आता पंचाईत अशी, की आळीत सरस्वतीबाई दोन. यादीतली नेमकी कोणती, हे ठरणार नवऱ्याच्या नावावरून. आणि नवऱ्याचं नाव घेणार कोण? त्या काळच्या बायका! या माउलीच्या नवऱ्याचं नाव श्रीराम, तर ती रामनवमीलासुद्धा "आज देवाचा जन्म" एवढंच म्हणायची.

म्हणून तिनं लेकाला बरोबर घेतलं. वाटेत चार वेळा बजावलं, "विचारलं की तू सांगायचं हो. खणखणीत सांगायचं."

"आणि मला नाव पाठ होतं गं," अप्पा म्हणाले होते, पेरूची फोड हातात तशीच. "आजोबांच्या नावासकट पाठ. पण घरात एकदा बापाचं नाव तोंडातून निघालं, तर आजीनं थोबाडीत दिली होती. 'बापाला नावानं हाक मारतोस?' म्हणून. तो कारकून म्हणाला, नवऱ्याचं नाव? आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, दादा."

"मग?"

"मग काय. कारकून म्हणाला, 'कुणाचे दादा? गावात दादा ढिगानं आहेत.' सगळे हसले. दुसऱ्या बाजूचा एक माणूस तिथे बसला होता, तो म्हणाला, 'बाई, उखाणा घ्या की! लग्नात घेतला असेल.' आणखी हसले. आईनं पदर ओढून घेतला. आणि माझं तोंड उघडेना. नाव जिभेवर, पण तोंड उघडेना. कारकून म्हणाला, व्हा बाजूला, पुढचे या. आम्ही घरी आलो."

वकीलसाहेब पडले. वर्षभरात त्यांनी घर विकलं आणि इंदूरला निघून गेले, ते परत गावात दिसले नाहीत. अप्पांच्या वडिलांनी पोराला रागावून एक शब्द उच्चारला नाही. उलट गंमत केली. पाहुणा आला की पोराला पुढे ओढायचे. "हे आमचे चिरंजीव. वकीलसाहेब एका मतानं पडले ते यांच्यामुळे बरं का!" पाहुणे हसायचे. पोराच्या डोक्यात तेवढंच राहिलं. एका मतानं. अप्पा दहा वर्षांचे असताना वडील गेले. खरा आकडा गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असणार. पण लहान पोराला आकडे कोण सांगतं? आणि मोठं झाल्यावर विचारायची लाज.

"एकदा कलेक्टर कचेरीत जाऊन बघितलं," अप्पा म्हणाले होते. "म्हणाले, जुनं दप्तर नाही. तिकडे अमेरिकेत लायब्रऱ्यांमधून सगळं जगाचं जपून ठेवतात म्हणे. तेवढा आकडा बघशील? एक असेल तर एक. पण कळू दे."

"गेल्या गेल्या बघते अप्पा," आसावरी म्हणाली होती. अगदी मनापासून म्हणाली होती, त्यात खोटं काही नव्हतं.

गेल्या गेल्या अनयाचा कान फुटला. मग डेकेअर बदललं, मग ऋषीच्या व्हिसाचं लचांड, मग तिची नोकरी गेली, दुसरी लागली, मग वीर. पहिलं वर्षभर अप्पा दर फोनला विचारायचे, "जमलं का गं ते?" पुढे म्हणू लागले, "सवडीनं बघ हो, घाई नाही." मग कधीतरी त्यांनी विचारणं बंद केलं. तेव्हा आपल्याला चक्क बरं वाटलं होतं, हे आसावरीला आज नीट आठवत होतं.

एकदा ऋषीला सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "यार, गूगल कर ना." तिनं केलं, सापडलं नाही, आणि प्रयत्न केल्याचं समाधान मात्र पदरात पडलं. कोलंबसच्या विद्यापीठाचं ग्रंथालय घरापासून पंचवीस मिनिटांवर. त्याच्यावरून ती आठवड्यातून दोनदा ड्राइव्ह करायची.

पाच आठवड्यांपूर्वी अप्पांना झटका आला. त्यानंतरही तिचा एक महिना रडण्यात आणि तिकिटं बघण्यात गेला. वीरचा पासपोर्ट झाला नव्हता. शेवटी गेल्या सोमवारी अनयाच्या स्विमिंग क्लासच्या बाकावर बसून तिनं फोनवरून ग्रंथालयाचा फॉर्म भरला. आठ मिनिटं लागली. शुक्रवारी पान आलं.

तिनं साताऱ्याला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. रत्नाआत्या, अप्पांची मुलगी, त्यांना सांभाळत होती. व्हिडिओवर आधी तिचं कपाळ आलं, मग छताचा पंखा.

"बोल गं. जेवलीस का? बाळ झोपलं?"

"हो आत्या. अप्पा जागे आहेत? त्यांना एक सांगायचंय."

"जागे काय आणि झोपलेले काय. काल मला म्हणाले, 'बाई, पाणी देता का?' बाई! पोटची पोर मी." आत्या हसली, आणि हसता हसता नाक पुसलं. "तुझं काय काढलंस आता?"

"ते वकीलसाहेब किती मतांनी पडले ते कळलं."

"कोण वकील?"

खरंच की. आत्याला कुठे माहीत होतं. "सांगते नंतर. तू फोन फक्त त्यांच्या तोंडासमोर धर."

पडद्यावर अप्पा आले. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, एक डोळा अर्धा मिटलेला.

"अप्पा, मी आसावरी. अमेरिकेहून. अप्पा, तो आकडा मिळाला. छापील कागद आहे माझ्यासमोर. एका मतानं नाही पडले ते. सहा हजार आठशे सत्त्याऐंशी मतांनी पडले. ऐकताय ना? तुमच्यामुळे नाही. तुम्ही दहा वेळा नाव घेतलं असतं तरी पडलेच असते ते."

मागे कुकरची शिट्टी झाली. मग अप्पांचा तो बरा डोळा हळूहळू उघडला आणि तिच्यावर येऊन थांबला.

"आई," ते म्हणाले.

"अगं बाई," आत्या पुटपुटली.

अप्पांनी ओठ ओले केले. आवाज जाड झाला होता, पण प्रत्येक अक्षर सुटं होतं, शाळेत हजेरी देतात तसं. "श्रीराम विनायक देवस्थळी. माझे वडील." दम लागला, थांबले. "घेतलं ना मी? आता जा तू आत."

आसावरीनं तोंडावर हात दाबला. मग हात काढला. "घेतलंस रे," ती म्हणाली. "खणखणीत घेतलंस. दिलं मी मत."

चेहरा क्षणभर सैल पडला. तिला वाटलं, झालं, पोचलं. तेवढ्यात कपाळावर आठी आली. "मग पडले का गं वकीलसाहेब?"

"पडले, पण..."

"एका मतानं ना?"

"नाही! नाही अप्पा, सहा हजारांनी. सहा हजार आठशे..."

डोळा मिटला होता. उशीवर मान कलली. ओठ अजून हलत होते, आणि काय म्हणताहेत ते कळायला आवाज लागत नव्हता.

"थकले गं," आत्या म्हणाली. "आज कितीतरी बोलले. काय होतं हे सगळं? ठेव आता, उद्या कर." आणि मग, मऊ होत, "रडू नको. वेळच तशी आलीय. तू तरी तिकडून काय करणार होतीस?"

फोन बंद झाला. लॅपटॉपवर पान तसंच होतं, तिरकं, कोपऱ्यातल्या अंगठ्यासकट.

अनया उठून जवळ येऊन उभी राहिली होती. हातात हिरवा खडू. "तू पणजोबांची आई झालीस?"

"थोडा वेळ."

"व्हाय?"

आसावरीनं तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं. सोपं करून, पण सगळं. नाव न घेणारी आई, हसणारी माणसं, दादा. अनयानं लक्ष देऊन ऐकलं. मतांचं तिला कळत होतं. गेल्याच महिन्यात त्यांच्या वर्गात हॅम्स्टरच्या नावासाठी मतदान झालं होतं, आणि तिचं 'लाडू' एका मतानं पडून 'पिकल्स' निवडून आलं होतं. तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती.

"मला तर दोनच दिवस सॅड वाटलं," ती म्हणाली. "पणजोबांना किती दिवस?"

"खूप वर्षं. अठ्ठ्याऐंशी."

अनयानं कागदावरची वजाबाकी पाहिली. सहाच्या पुढच्या आकड्यांवरून खडूचं टोक फिरवलं. "बट इट वॉज अ लॉट. त्यांचा फॉल्ट नव्हताच."

"नव्हताच."

"आणि हे त्या लायब्ररीत होतं? ती मोठी, फाउंटनवाली, स्विमिंगला जाताना दिसते ती?"

"हो."

वर वीर जागा झाला होता. अजून रडत नव्हता, नुसता पाय आपटत होता. अनयानं आईच्या तोंडाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मग आई, तू त्यांना आधी का नाही सांगितलंस? व्हेन ही कुड हिअर यू?"