पेंगकाकांनी काही सांगितलं नव्हतं

थान येनपिंग ग्वेयांग शहरातल्या एका कंपनीत आवाज ऐकून लिहायचं काम करायची. हेडफोन लावायचा, बारा-बारा सेकंदांचे तुकडे ऐकायचे, बोललेलं जसंच्या तसं टाइप करायचं आणि खाली बोलणाऱ्याचं वय आणि मनःस्थिती निवडायची. तिच्या डोंगराळ तालुक्याची बोली बाहेरच्यांना कळत नसे, म्हणून तिकडचे सगळे तुकडे तिच्याच वाट्याला येत. ही माणसं कोण, हे तिने तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

एका मंगळवारी तिच्या कानात तिचे वडील बोलले.

"डावा डोळा तर गेलाच आहे, पेंग. उजवा हिवाळ्यापर्यंत टिकला तर टिकला. येनपिंगला सांगू नकोस. नोकरी सोडून येऊन बसेल इथे."

मागे कोंबड्यांची कलकल होती. तिने टाइप केलं. वय सत्तरच्या पुढे, मनःस्थिती साधारण. पुढच्या तुकड्यात कोणी बाई मिरच्यांच्या भावावरून हुज्जत घालत होती. तेही टाइप केलं. मग जेवायला गेली आणि वाडग्यातल्या तांदळाच्या शेवया सगळ्या संपवल्या.

दुपारी तिने गटप्रमुख लुओबाईंना विचारलं, हे तुकडे येतात कुठून. लुओबाईंनी मान वर केली नाही. म्हाताऱ्यांच्या गाण्यांचं एक ॲप आहे, गाणं बंद असलं तरी ते ऐकत असतं, म्हणाल्या. ते ॲप नववर्षाच्या सुट्टीत येनपिंगनेच वडिलांच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला 'मान्य' तिनेच दाबलं होतं.

रविवारी ती बसने गावी गेली. वडील दारात उभे होते. बारीक झालीस, म्हणाले, पण तिच्या खांद्याच्या जरा पलीकडे बघून. जेवताना त्यांनी धुरावलेल्या मांसाचा एक तुकडा तिच्या वाडग्यात म्हणून वाढला, तो टेबलावर पडला. तिने तो उचलून खाल्ला.

"बाबा, डोळ्यांचं कळलंय मला."

"कोणी सांगितलं?"

ऐकलेलं बाहेर बोलणार नाही, अशी सही तिने कंपनीत केली होती. पण तेवढंच नव्हतं. सांगायचं कसं, हेच तिला सुचेना.

"पेंगकाकांनी," ती म्हणाली.

वडिलांची वामकुक्षी चालू असताना तिने ते ॲप काढून टाकलं. सोमवारी त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. औषधाच्या थेंबांनी नजर जाण्याचा वेग कमी होईल, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळच्या बसने ती परतली.

शेजारचे पेंगकाका वडिलांना बाजाराला न्यायचे, औषधांच्या बाटल्यांवरचं वाचून दाखवायचे. वडिलांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. हेही तिला हेडफोनमध्येच कळलं, तीन आठवड्यांनी. ॲप पेंगकाकांच्या फोनमध्येही होतं.

"दार उघड, म्हाताऱ्या. चाळीस वर्षांत तुझी एक तरी गोष्ट फोडलीय मी? तुझ्या पोरीला कोणी सांगितलं, मला काय ठाऊक?"

मग दारावर थापा. तिने टाइप केलं, मनःस्थितीपाशी थांबली, हेडफोन काढला आणि जिन्यात जाऊन वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे मी घरात बोलतो ते तुला तिथे ऐकू येतं?" त्यांनी विचारलं.

"आता नाही. काढलंय मी ते. आधी यायचं. मला नाहीतर दुसऱ्या कोणाला."



"संध्याकाळी मी तुझ्या आईच्या फोटोशी बोलतो कधी कधी. तेही गेलं असेल?"

"माझ्याकडे नाही आलं, बाबा."

मग कोणाकडे गेलं, हे त्यांनी विचारलं नाही. पेंगकडे जाऊन येतो, म्हणाले.

आता दोघं पुन्हा बरोबर बाजाराला जातात. वडील फोन तांदळाच्या पिंपात ठेवतात, आठवड्यातून एकदा बाहेर काढतात. जेवलो, थेंब घातले, एवढं सांगून बंद करतात. येनपिंगने लुओबाईंकडे दुसरं काम मागून पाहिलं. ही बोली दुसऱ्या कोणाला येत नाही, असं उत्तर मिळालं. बरं, म्हणून ती जागेवर जाऊन बसली.