हळद लागलेली मुशी

मी एक मुशी. शार्कच्या घराण्यातली, पण जेमतेम हातभर लांबीची, तेव्हा घाबरायचं कारण नाही. शिवाय गेली दोन वर्षं मी विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात, बरणीत उभी आहे.

छप्पन साली वर्सोव्याच्या जाळ्यात सापडले. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या विद्याधर सरांनी सखुबाई कोळणीला मुशी आणायला सांगितलं होतं. पहिली मुशी तिने सवयीप्रमाणे गरम पाण्यात घालून, खरखरीत कातडं घासून, डोकं उडवून, तुकडे करून दिली. सरांनी कपाळावर हात मारला. "अख्खी हवी, बाई! सुरी लावू नका."

म्हणून मला सुरी लागली नाही. हळद-मीठ मात्र सढळ हाताने लागलं. "वास नाय यायचा, मास्तर!" तेव्हापासून मी पिवळी, माझ्या बरणीतलं औषधही पिवळं.

माझा चुलतभाऊ पाकट खालच्या फळीवर, चपट्या लेप्यांच्या पंगतीत होता. का, तर तोही चपटा! रूप बघून सोयरीक जुळवायची माणसांची खोडच आहे.

सरांची विद्यार्थिनी क्षमाही त्यातलीच. पुस्तक तोंडपाठ, पण घरी मासळीचं नाव निघत नसे. समोर पाकट आला की ती त्याला लेपा ठरवायची. एकदा नापास झालेली. "पुन्हा झालीस तर कॉलेज बंद," वडिलांनी बजावलं होतं. तोंडी परीक्षेच्या दिवशी पोर दाराशी रडवेली उभी. मला फार वाईट वाटलं.

परीक्षेसाठी मासळी घेऊन आलेली सखुबाई टोपली उतरवत म्हणाली, "रडतेस कशाला, बाय? मुशी नि पाकट एकाच घरची. काटा नाय, नुसती मऊ हाडं. बारक्या पोरालापण बिनघोर द्यावी."

परीक्षकांनी नेमका पाकटच पुढे केला. "हा कुणाचा नातेवाईक?"

औषधात बुडालेली असूनही मला घाम फुटला. क्षमाने माझ्याकडे पाहिलं. "हिचा, सर. दोघांची हाडं कूर्चेची. कल्ल्यांवर झाकण नाही, उघड्या फटी. हिच्या कुशीला, त्याच्या पोटाखाली. लेप्याला काटे असतात."

"छान. आणि ही पिवळी जात कोणती?"

"जात नाही, सर. हळद."

विद्याधर सर खिडकीबाहेर बघू लागले. परीक्षक मात्र पोट धरून हसले.

क्षमा पास झाली. निकालाच्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने पाकटाची बरणी माझ्या शेजारी आणून ठेवली. आता ती कुणी हलवू नका, एवढंच माझं मागणं.

त्याच दिवशी क्षमाने सखुबाईलाही पेढा दिला. तो तोंडात टाकून तिने माझ्या बरणीवर टिचकी मारली. "पास झालीस ते बरं झालं, बाय. नायतर ही मुशी फुकटच गेली असती."