बॉनेटवरचा डाग

गाडी घासायला मी रोज गिरगावातून काळाचौकीला जातो हे कळल्यावर माझा मुलगा वरद बंगळुरूहून फोनवर ओरडला, "बाबा, एकाहत्तराव्या वर्षी तुम्ही गाडी घासताय?"

"मग काय घासू, भांडी? तीही घासतोच."

त्याने विषय बदलला. आईच्या मागे मी एकटा भांडी घासतो हे त्याला ऐकायला आवडत नाही.

गाडी म्हणजे आमची क्रीम रंगाची जुनी फियाट. सेकंडहँड घेतली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन तिचं पासिंग करून आणावं लागतं. यंदा दारांच्या खालच्या कडांना गंज धरलेला, रंग इतका सुकलेला की हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी पूड लागायची. अशी नेली तर परत पाठवणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. वरदचं म्हणणं, भंगारात द्या. सरोजिनीला जाऊन दीड वर्ष झालं. गाडीतली डावी सीट तिची. मी ती भंगारात देणार नव्हतो.

दौलत पेंटरची पत्र्याची शेड काळाचौकीला एका जुन्या गोदामाला टेकून आहे. माणूस देवगडकडचा, पन्नाशीचा, तोंडाने फटकळ. त्याने आकडा सांगितला आणि मी खुर्ची शोधली.

"काका, निम्मी मजुरी घासायचीच असता," तो म्हणाला. "तुम्ही घासा, मी रंगाची गन मारतंय. जमेल?"

त्याने थट्टा केली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी पँट आणि पोळीभाजीचा डबा घेऊन हजर झालो. जन्मभर कचेरीत खर्डेघाशी केलेल्या माणसाला घासायचं काय भय!

पाणी ओतायचं, पॉलिश पेपर फिरवायचा, पुसायचं, पुन्हा पाणी. दौलतचा एकच नियम होता. बॉनेट शेवटी. "बॉनेट म्हणजे गाडीचा चेहरा. हात बसल्याशिवाय चेहऱ्याला हात लावायचा नाय." मग मी मागच्या डिकीपासून सुरुवात केली. बंपर आणि दारांवरच्या चकचकीत पट्ट्या नव्याने क्रोम करायच्या तर त्या पैशात दुसरी गाडी आली असती. दौलतने युक्ती सांगितली, स्वयंपाकघरातली फॉइल पाण्यात बुडवून घासा. सरोजिनी माझ्या पोळ्या ज्यात गुंडाळून द्यायची तो रोल ओट्याच्या ड्रॉवरमध्ये अजून होता. पट्ट्यांवरचा गंज फॉइलने खरोखरच गेला. रोलही संपला.

खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत मी सुखी होतो. शेडमध्ये शिरलो की दौलत "इलात?" म्हणायचा. मी आलो की नाही याची दखल घेणारा जगात एक माणूस आहे, एवढ्यावर मी संध्याकाळी बसमध्ये हसत बसायचो. एकटेपणात माणूस फार स्वस्तात खूश होतो.

मग बॉनेटचा दिवस आला. मी पाणी ओतलं आणि थांबलो. सुक्या रंगावर नीट न दिसणारा डाग भिजल्याबरोबर वर आला. फिकट गुलाबी स्वस्तिक, उजवा हात जरा लांब.

दर दसऱ्याला सरोजिनी गाडीची पूजा करायची. वाटीत कुंकू भिजवायची ते आमटीइतकं पातळ, आणि बोटाने बॉनेटच्या मधोमध स्वस्तिक काढायची. दरवर्षी तिथेच. दरवर्षी मी करवादायचो, "अगं, डाग पडतो."

"पडला तर पडला," ती म्हणायची. "गाडीला घर आहे हे तरी कळेल."

दुसऱ्या दिवशी मी पेट्रोलचा बोळा घेऊन तो डाग पुसायला जायचो. बावीस दसरे ती काढत आली, बावीस दसरे मी पुसत आलो. शेवटच्या दसऱ्याला तिला जिने उतरवत नव्हते. कठड्याला धरून, मजल्यामजल्यावर थांबत ती खाली आली, आणि मी तिला काय म्हणालो? "कुंकवात पाणी जरा कमी घाल." एवढंच म्हणालो. अजूनही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"काय झाला?" दौलत मागे येऊन उभा होता. "घासा की."

"हा डाग..."

"कुंकू मा? मोठं हट्टी. घासून पुरतं जायचं नाय. वरून रंग मारलात तरी पंधरा-वीस दिवसांत फुटून वर येतला. त्यावर सीलरचो हात मारूचो लागता. त्याचे पैसे वेगळे."

मी मनातल्या मनात दिवस मोजले. पासिंग चार दिवसांवर होतं. तोवर बॉनेट स्वच्छ दिसणार, साहेब शिक्का मारणार, आणि मग सरोजिनीचं स्वस्तिक हळूहळू परत वर येणार. गाडीही राहील, डागही राहील.

"सीलर नको," मी म्हणालो.

"अहो, डाग येतलो म्हणतंय ना."

"येऊ दे. नको."

"पण का?"

इथे मी सांगायला हवं होतं. दौलतराव, हा माझ्या बायकोच्या बोटाचा डाग आहे, एवढं एक वाक्य. पण आम्हां गिरगावकर पांढरपेशांना रडण्यापेक्षा चिक्कूपणा केलेला बरा वाटतो. मी म्हणालो, "बजेटमध्ये बसत नाही."

दौलतने माझ्याकडे, माझ्या सुरकुतलेल्या ओल्या हातांकडे बघितलं. "बरा," म्हणाला.

डागावरून मी पेपर नुसता हलका फिरवला. गाडी सुंदर झाली. पासिंगही झालं. मग मी वाट बघायला लागलो. रोज सकाळी चष्मा पुसून खाली जायचो आणि बॉनेटवर वाकायचो. शेजारची ऋता एकदा म्हणाली, "काका, आता रंगाला नजर लावाल." पंधरा दिवस झाले, वीस झाले, महिना झाला. तांदळासारखं स्वच्छ बॉनेट.

दौलतचा फोन आला. "काय म्हणता गाडी?"

"डाग नाही हो आला अजून."

तो मोठ्याने हसला. "कसो येतलो? सीलर मारलंय मी. दोन हात. सांगणार नव्हतंय. काका, तुम्ही तीन आठवडे घासलात, डब्यातली पोळी मला दिलीत. एवढ्याशा पैशासाठी तुमचा बॉनेट खराब होऊ देऊ काय? आता शंभर वर्षं काय वर येत नाय."

मी म्हणालो, "उपकार झाले, दौलतराव." दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि पलंगावर सरोजिनीच्या बाजूला बसून मी पोटभर रडलो. बावीस वर्षं मी जे मागत होतो ते मला कुणीतरी प्रेमाने, फुकट करून दिलं होतं.

दसऱ्याला मी झेंडू आणले, वाटीत कुंकू भिजवलं, आमटीइतकं पातळ, आणि आयुष्यात पहिल्यांदा बॉनेटवर स्वस्तिक काढलं. वाकडं आलं. एक ओघळ क्रोमच्या पट्टीपर्यंत गेला.

"काका, लगेच पुसून घ्या," ऋता जाता जाता म्हणाली. "नव्या रंगावर डाग पडेल."

"पडू दे," मी म्हणालो.

संध्याकाळी खाली गेलो तेव्हा कुंकू वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. मी फुंकर घातली. सगळं उडालं. खाली काही नव्हतं, दौलतचं काम चोख. सरोजिनीला तो डाग पाडायला बावीस दसरे लागले होते. मी एकाहत्तरचा. वर गेलो आणि वाटीत पुन्हा कुंकू भिजवलं.