खटखटताईंची फाईल

बर्फाच्या कारखान्याची शहरात एक कचेरी होती. तिथून सहा मैलांवरच्या कारखान्यात निरोप धाडायची दोन साधनं होती, जिन्याच्या दोन बाजूंच्या दोन खोल्यांत. एका खोलीत टेलिफोनचा बोर्ड, दुसऱ्या खोलीत टेलिप्रिंटर. टेलिप्रिंटरवर इथे अक्षर दाबलं की तिथे कारखान्यात त्याच क्षणी ते कागदावर उमटायचं, दोन्हीकडे सारखं, आणि डोक्यावर तारीख-वेळ. टेलिफोन लागला तर लागायचा. लागेपर्यंत माणसाचा हॅलो हॅलो करून घसा बसायचा, आणि लागला की पलीकडचा जेवायला गेलेला असायचा.

तरी साऱ्या कचेरीचा जीव टेलिफोनवर.

टेलिप्रिंटर चालवणाऱ्या बाईंना सगळे खटखटताई म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे नुसतंच खटखट. बारा वर्षं त्यांनी ते यंत्र पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. रिबन बदलून काळी झालेली बोटं त्यांनी कधी लपवली नाहीत. घरून जुन्या परकराचं कापड आणून त्यांनी यंत्राला खोळ शिवली होती. जो निरोप जाईल, जो येईल, त्याची प्रत नंबर घालून फाईलला लावायची, हा त्यांचा नेम. आजारपणातही चुकला नव्हता.

एके दिवशी मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं. दोन-दोन साधनं कशाला हवीत? पंधरा दिवस दोन्ही वापरून बघू, जे सरस ठरेल ते ठेवू. हरलेल्याची खोली स्टेशनरीला. हरलेल्या खोलीतल्या माणसाचं काय करायचं, ते फर्मानात नव्हतं. खटखटताईंनी कागद दोनदा वाचला, पाठपोट पाहिला, आणि कामाला लागल्या.

"ताई, तुमचं काही खरं नाही," दुपारी डबा खाताना फोनवाली म्हणाली. ती वयानं लहान, तोंडानं मोठी.

"का गं? माझं यंत्र वाईट आहे?"

"चांगलं आहे, हेच तर दुखणं आहे. अहो, फोनवर माणूस चार वाजता शब्द देतो आणि पाच वाजता म्हणतो, मी असं म्हणालोच नाही. तुमच्या यंत्रावर आहे का ही सोय?"

"म्हणजे खोटं बोलायची सोय?"

"नुसतं सोय म्हणा ना. पुढचा शब्द कशाला लावायचा?"

खटखटताई हसल्या. चांगलं ते जिंकतंच, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्या काळी पुष्कळांना वाटायचं. हल्लीही वाटतं, पण ते जाऊ द्या.

नवव्या दिवशी सकाळी फोन बंद पडला. मोठे साहेब बोर्डावर दोन थपडा मारून थेट खटखटताईंच्या खोलीत आले आणि उभ्याउभ्या मजकूर सांगू लागले. "लिहा. मासळीबाजाराची गाडी थांबवा. आधी वीस लाद्या आमच्या व्याह्यांच्या बंगल्यावर पाठवा. पाहुणे यायचेत, सरबत गार हवं." खटखटताईंनी टंकलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: "समजलं, गाडी वळवली." प्रती फाईलला लागल्या.

दुपारी मासळीवाला कचेरीत येऊन टेबलावर मुठी आपटू लागला. त्याचा माल उन्हात बसून वास मारत होता. विक्रीवाले म्हणाले, आम्ही गाडीचं कालच कारखान्याला फोनवर सांगितलं होतं. कारखान्याहून आलेले मॅनेजर म्हणाले, छे, आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही. मोठे साहेब दोघांकडे आळीपाळीनं पाहून दुःखी झाले. शेवटी ठरलं की ड्रायव्हर वाटेत चहा पीत बसला असणार. ड्रायव्हर टेलिफोनवर बोलत नसे, त्यामुळे त्याच्याबद्दल एकमत व्हायला वेळ लागला नाही. त्याला घरी बसवलं.

"ताई, ते पान काढा," फोनवाली दबक्या आवाजात म्हणाली.

"बारा वर्षांत एक पान गाळलं नाही मी."

"मग खोली गाळा."

खटखटताईंनी त्या रात्री झोपताना विचार केला आणि सकाळी ते पान होतं तिथेच ठेवलं. पान काढलं, तर यंत्र सरस आहे म्हणजे नेमकं काय आहे, हे त्यांना स्वतःलाच सांगता आलं नसतं.

पंधराव्या दिवशी त्या फाईल छातीशी धरून साहेबांच्या खोलीत गेल्या. विक्रीवाले आणि मॅनेजर खुर्च्यांवर बसले होते. "त्रेचाळीस निरोप गेले, त्रेचाळीस उत्तरं आली," त्यांनी सांगितलं. "सगळ्यात उशिराचं उत्तर चार मिनिटांनी. फोन या दिवसांत सहा वेळा बंद होता."

"वा! म्हणजे प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले, आणि कौतुकानं फाईल चाळायला लागले. बोट जिभेला लावायचे, पान उलटायचे. नवव्या दिवसापाशी आले आणि बोट जिभेवरच राहिलं.

मॅनेजर वाकून पाहायला लागले. त्यांना आधी स्वतःचं "समजलं, गाडी वळवली" दिसलं. विक्रीवाल्यांनी दोन पानं मागं उलटली, तिथं त्यांनी कारखान्याला दिलेला आणि परवा साफ नाकारलेला दुसराच एक शब्द तारीख-वेळेसकट बसला होता. साहेबांनी फाईल मिटली.

"यंत्र आवाज फार करतं, नाही?" साहेब म्हणाले.

"फारच," दोघं एकदम म्हणाले. ड्रायव्हरची गोष्ट सोडली, तर नऊ वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच जमलं.

"कागदही किती खातं."

"आणि साहेब, त्यात माणुसकी नाही," विक्रीवाले म्हणाले. "फोनवर कसा, माणसाचा आवाज ऐकू येतो."

"साहेब, तो ड्रायव्हर..." खटखटताई म्हणाल्या.

"घ्या हो त्याला परत. गरीब माणूस आहे." साहेबांनी फाईल स्वतःच्या कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. ड्रायव्हरला तसा निरोप गेला, शेजारच्या किराणावाल्याच्या फोनवर. त्याला का काढलं आणि का घेतलं, हे त्याला कधीच कळलं नाही.

यंत्र भंगारात गेलं, खोलीत कागदाच्या रिमांची थप्पी लागली. खटखटताईंना मात्र काढलं नाही. ज्या बाईला इतकं सगळं ठाऊक आहे तिला बाहेर सोडण्यापेक्षा पगारावर ठेवणं बरं, एवढं साहेबांना कळत होतं. फोनवालीशेजारी दुसरी खुर्ची टाकली.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी कारखाना मागितला. खटखटताईंनी जोडून दिला. कुठली गाडी कुठं वळवायची, ते सगळं बोलून झालं आणि साहेबांचा आवाज थेट त्यांच्या कानात आला.

"बाई, तुम्ही मधे ऐकत नव्हता ना?"

फोनवालीनं त्यांच्याकडे पाहिलं. खटखटताईंची बोटं, आता स्वच्छ, टेबलावर एकदा खटखट वाजली.

"कधी, साहेब?" त्या म्हणाल्या. "फोन आला होता का?"

पलीकडून खदखदून हसू आलं. "शाबास! बारा वर्षांनी कामाची समज आली म्हणायची."

महिनाअखेर त्यांना बढती मिळाली. त्याचं पत्र मात्र कधी आलं नाही. साहेबांनी तोंडी सांगितलं होतं.