बाहुलीवाल्या बाई

"बाळाला ठेवलं होतंत, अगदी तसंच हिला ठेवा," असं म्हणत बाईंनी कापडी बाहुली बाळाच्या आईच्या हातात दिली.

ती शिलाई कारखान्यात कामाला. तिचं तीन महिन्यांचं लेकरू आज सकाळी पाळण्यात थंडगार सापडलं होतं. ना ताप, ना खोकला. "पहाटे माझा डोळा लागला, माझ्याच हातून काहीतरी झालं असेल," असं ती फौजदारांपाशी बोलून बसली आणि त्यांनी तोच कबुलीजबाब धरला. सासूने तिच्याशी बोलणंच टाकलं.

बाई शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टर. पण लहान मूल झोपेत गेलं की त्या आधी घर बघायला जात, तेही काखेत बाहुली घेऊन. खात्यात सगळे त्यांना 'बाहुलीवाल्या बाई' म्हणत. त्यांच्या कानावर ते होतंच, आणि त्यांना ते आवडायचं.

तिने बाहुली उताणी ठेवली, दुपटं छातीपर्यंत ओढलं. सकाळीही बाळ तसंच होतं, तोंडावर दुपटं आलेलं नव्हतं, असं तिने सांगितलं. बाईंनी गादी दाबून पाहिली, टणक होती. उशी नव्हती. खोलीत धूर कोंडतो का, कोणतं औषध पाजलं होतं का, सगळं विचारून झालं. दारात उभे फौजदार कंटाळले. आईने स्वतःच कबूल केलंय, मग हा भातुकलीचा खेळ कशाला, असं त्यांचं म्हणणं.

"कबुली नाही ती, साहेब, दुःख आहे," बाई म्हणाल्या. "आणि गुदमरल्याची खूण अंगावर उमटतेच असं नाही. म्हणून खोलीला विचारावं लागतं."

त्याच दिवशी त्यांनी शवचिकित्सा केली. हाडन् हाड एक्स-रेखाली पाहिलं. पुढचे काही आठवडे हृदय, फुप्फुस, मेंदू यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, रक्ताच्या चाचण्या केल्या. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, हे सासूलाही विचारलं. हाती काही लागलं नाही. 'गुदमरून' लिहा आणि मोकळ्या व्हा, असं वरिष्ठांनी सुचवलं. जे दिसलं नाही ते आपण लिहिणार नाही, असं बाईंनी शांतपणे सांगितलं.

मग त्यांनी सासू-सुनेला बोलावून घेतलं.

"मार नाही, विष नाही, आजार नाही. गुदमरावं असं त्या पाळण्यात काही नव्हतं. सगळं शोधलं, पण कारण सापडलं नाही. काही बाळं अशी झोपेतच जातात. का, ते आमच्या शास्त्राला अजून पुरतं उमगलेलं नाही."

"मी जागी असते तर?"

"आवाज नसतो त्याला. तुम्ही शेजारी जाग्या असता तरी बहुधा कळलं नसतं."

सासूने पदराने तोंड झाकून घेतलं. दोष द्यायला आता कुणी उरलं नव्हतं, नुसतं रडायचंच बाकी होतं.

बाहेर फौजदार बसले होते. त्यांच्याशी आपण बोलू, असं बाई म्हणाल्या. सून उठली, डोळे पुसले.

"नको. मीच सांगते."

बाई दारातच थांबल्या. इतक्या वर्षांत अहवाल पुष्कळ लिहिले, पण 'कारण सापडलं नाही' असं लिहून या अहवालावर सही करताना त्यांची मान जशी ताठ झाली होती, तशीच त्यांना आता समोर सुनेची दिसत होती. फौजदारांपुढे उभी राहून ती सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "माझ्या हातून काही झालं नाही."

सासू सुनेची पिशवी पोटाशी धरून तिच्या मागे उभी होती.